वास्तू, संहिता आणि एक देवळी

पदव्युत्तर वर्गाला अरुण कोलटकर शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘काळा घोडा’ हे नाव पाठ होते, पण त्या नावामागचा भूगोल त्यांच्या अनुभवविश्वात कोठेच नसतो. म्हणून २०१९ च्या डिसेंबरात आम्ही बारा-तेरा जण औरंगाबादहून (आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) रात्रीच्या गाडीने मुंबईस गेलो आणि सकाळी त्या चौकात जाऊन उभे राहिलो.

प्रारंभ मी नेहमीच्या उत्साहाने केला. ज्या पुतळ्यावरून चौकाला हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवला गेला. तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. २०१७ साली चौकात नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. मधली बावन्न वर्षे चौकात घोडा नव्हता, तरी चौक काळ्या घोड्याचाच राहिला. चिन्हित नाहीसे झाल्यावरही चिन्हक कसे नांदत राहते याचे इतके सोपे उदाहरण पुस्तकात सापडणे कठीण, असे मी म्हणालो. विद्यार्थ्यांनी टिपून घेतले. अध्यापकाला यापेक्षा अधिक काय हवे असते?

चौकालगतच्या रॅम्पार्ट रोवर ‘वेसाइड इन’ नावाचे उपाहारगृह होते. कोलटकर गुरुवारी दुपारी तेथे बसत. त्यांच्या मित्रमंडळाचा तो अड्डाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तेथे बसत आणि संविधानाच्या मसुद्याचे काही काम त्यांनी तेथील टेबलावर केले, अशी आठवण सांगितली जाते. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच ते उपाहारगृह बंद झाले. २००४ साली ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कवीचेही निधन झाले. इमारत राहिली, उपाहारगृह गेले, कविता उरली. या संग्रहातल्या न्याहारीवरच्या दीर्घ कवितेत पंगत भरते ती चौकात, इडल्या विकणाऱ्या एका बाईभोवती. कवी छताखाली बसला आहे, त्याची नजर मात्र छत नसलेल्यांच्या खाण्याकडे लागलेली आहे. आतले आणि बाहेरचे यांच्यामधली काच या कवितेत सतत जाणवत राहते. हेही मी विद्यार्थ्यांना सांगितले. त्या वेळी ही गोष्ट मला केवळ कवितेपुरती वाटत होती.

मग आम्ही वळलो ते ‘एस्प्लनेड मॅन्शन’कडे. ‘वॉटसन्स हॉटेल’ हे या इमारतीचे मूळ नाव. जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने १८६० च्या दशकात ती उभारायला घेतली. रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईस आल्या आणि येथे जोडल्या गेल्या. असा बिडाचा सांगाडा असलेल्या, आज शिल्लक राहिलेल्या बहुमजली इमारतींत तिची गणना फार जुन्यांत होते. तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यगृह, वरच्या मजल्यांवर शंभरावर खोल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ येथेच झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉटेल गेले, खोल्यांचे लहान लहान गाळे झाले आणि त्यांत भाडेकरू आले. जवळच न्यायालये असल्याने वकिलांची कार्यालयेही आली. २००५ साली इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. त्याच सुमारास ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. पुढे २०१९ साली ती रिकामी करण्यात आली आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या अहवालाने ती पाडून टाकावी अशी शिफारस केली.

या शिफारशीविरुद्ध जे वातावरण तयार झाले त्यात वास्तुसंवर्धक होते, इतिहासाचे अभ्यासक होते, ‘इन्टॅक’सारखी संस्था होती आणि ज्यांचा त्या इमारतीशी काडीचा संबंध नाही असे सामान्य नागरिकही होते. त्यांचे म्हणणे असे, की बिडाचा सांगाडा दुरुस्त करता येतो. जे निकामी झाले आहे ते नंतर घातलेले मजले, भिंती आणि वर्षानुवर्षांची हेळसांड. पाडा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नव्हते. माणसे रस्त्यावरून चालतात, वरून सज्जे कोसळतात. स्मृतीच्या रक्षणासाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा, हा प्रश्न खोटा नाही. त्या शिफारशीनंतरही इमारत उभी राहिली, याचे बरेचसे श्रेय या विरोधाला द्यावे लागेल. तीनशे-साडेतीनशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माझ्याकडेही एक निवेदन आले होते आणि मी त्यावर सही केली होती. हे मी विद्यार्थ्यांना सांगितले. थोड्या अभिमानानेच सांगितले, हेही कबूल करायला हवे.

तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, या हॉटेलात आपल्यापैकी कोणाला आत घेतलं असतं?”

मी लगेच जमशेटजी टाटांची सुप्रसिद्ध आख्यायिका सांगितली: त्यांना म्हणे वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून १९०३ साली ताजमहाल हॉटेल उभे राहिले. आख्यायिका खरी असो वा नसो, ती टिकून राहिली याचा अर्थ ते हॉटेल युरोपीयांचे होते ही जाणीव लोकमानसात पक्की होती, असे विवेचनही केले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “ते टाटांचं झालं, सर. माझ्या आजोबांना गावातल्या हॉटेलातसुद्धा आत बसू देत नव्हते. बाहेर त्यांचा कप वेगळा. ते हॉटेल मागच्या वर्षी रस्त्यात गेलं. त्याच्यासाठी कोणी सही मागायला आलं नाही. पण आलं असतं, तर आजोबांनी करावी का?”

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरून ते उत्तर कोणत्या योग्यतेचे होते ते कळावे.

या प्रश्नाने मी गडबडलो, त्याचे कारण सैद्धान्तिक नव्हते. माझ्या आजोबांचेही हॉटेल होते. मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द मोठा उदार आहे. वॉटसनच्या शंभर खोल्याही त्यात मावतात आणि आमच्या गावातल्या एस.टी. थांब्यासमोरचे दगडमातीच्या भिंतींचे, वर पत्रे टाकलेले, दोन बाकडी आणि एक भट्टी असलेले दुकानही मावते. पितळेची किटली, परातीतली भजी, काचेच्या बरणीतली शेव, रेडिओवरच्या बातम्या ऐकायला जमलेली माणसे. २०१६ साली रस्ता रुंद झाला तेव्हा एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत तेथे काही उरले नाही. त्याच वर्षी एका दिवाळी अंकासाठी मी त्या हॉटेलावर ललित लेख लिहिला. लेख अनेकांना आवडला. त्यात किटली होती, भजी होती, रेडिओ होता.

देवळी नव्हती. दाराबाहेर, डाव्या हाताच्या भिंतीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक देवळी होती. तीत तीन-चार कपबशा पालथ्या घातलेल्या असत. बहुतेकांचे कान तुटलेले. काही माणसे येत, आपला कप उचलत, तो पुढे धरत, वरून चहा ओतून घेत, बाहेरच उकिडवे बसून पीत आणि विसळून परत देवळीत ठेवत. हे मी सहा-सात वर्षांचा असताना, म्हणजे १९८७-८८ च्या सुमारास पाहिलेले आहे. लेख लिहिताना ते मला आठवले नाही असे नाही. लेखाच्या सुरात ते बसेना, म्हणून मी ते बाजूला ठेवले. शैलीच्या निकषावर घेतलेला निर्णय म्हणून मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती. आमच्या समीक्षेत अशा बाजूला ठेवण्याला संहितेतील मौन म्हणतात आणि इतरांच्या लेखनात ते मौन हुडकण्याचे शिक्षण मी विद्यार्थ्यांना देत असतो.

मुंबईहून परतल्यावर मी संविधान पुन्हा वाचायला घेतले. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे म्हटले आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागतो, ही गोष्ट आपण साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने वाचलेली नाही. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम तर आणखी खोलात जातो: सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हा तेथे अपराध ठरवला आहे. कपबशीपर्यंत पोहोचणारा हा कायदा माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा आणि तरी आमच्या भिंतीत ती देवळी होती. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) चहाच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्याचा प्रसंग येतो. वर्गात मी तो कितीदा तरी शिकवला आहे. शिकवताना त्या प्रसंगातल्या हॉटेलवाल्याला मी कधी चेहरा दिला नाही, कारण दिला असता तर तो ओळखीचा निघाला असता.

वेसाइड इनमधल्या टेबलाची आठवण येथे वेगळ्या अर्थाने जिवंत होते. उपाहारगृहाचे दार सर्वांना उघडे असले पाहिजे हे ज्यांनी संविधानात लिहून घेतले, ते एका उपाहारगृहात बसून लिहीत होते, असे लोक सांगत आले. लोकांना ही आठवण जपावीशी वाटली, यातच कदाचित तिचा अर्थ आहे. आंबेडकरांनी १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयातून शिकलेल्यांच्या दोन पिढ्या आज माझ्या विद्यापीठात आहेत, तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांपैकीच एक. आमच्याकडे वारशाची चर्चा निघते तेव्हा ती दरवाजे, पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर यांपाशी थांबते. चहाच्या हॉटेलाला वारसा म्हणायचे धाडस कोणी करत नाही आणि केलेच तर माझ्या लेखासारखे, देवळी वगळून करतो.

मग आजोबांनी सही करावी का? या प्रश्नाला मी आज देऊ शकतो ते उत्तर एका संभाषणातून आले. त्या सहलीनंतरच्या संक्रांतीला गावी गेलो असता मी वडिलांना त्या देवळीविषयी विचारले. ते म्हणाले, “देवळी होती, पण तिच्यात कपबशा कुठल्या? तिथं रॉकेलची चिमणी ठेवायचो आपण. तू लहान होतास, तुझा काहीतरी घोळ होतोय.” ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांना ती चिमणीच आठवते. मी वाद घातला नाही. कशाच्या आधारावर घालणार? भिंत असती तर दोघांनी जाऊन पाहिले असते. चिमणी असती तर वरच्या कडेला काजळी दिसली असती. कपबशा असत्या तर खाली पाणी निथळल्याचे ओघळ दिसले असते.

इमारत वाचवण्याच्या चळवळींकडे मी तेव्हापासून या दृष्टीने पाहतो. वॉटसन्स हॉटेल वाचवायचे ते त्याच्या वैभवासाठी, या युक्तिवादात मला आता रस उरलेला नाही. तेथे कोण आत होते आणि कोण बाहेर, हे जिन्यांच्या, दारांच्या आणि मागच्या बाजूच्या वाटांच्या रचनेत लिहिलेले असते. ते वाचता यावे म्हणून इमारत हवी. संहिता आपल्याला आवडत नाही म्हणून कोणी हस्तलिखित जाळत नाही. हस्तलिखित गेले की प्रत्येक पिढी आपल्या सोयीचा पाठ तयार करते आणि ज्यांच्या हाती लेखणी, त्यांचा पाठ प्रमाण ठरतो. आमच्या हॉटेलाबाबत लेखणी माझ्या हाती होती.

ते निवेदन आज पुन्हा माझ्यासमोर आले तर मी सही करीन. फक्त तीत एक वाक्य वाढवायची विनंती करीन, की वास्तूची नोंद करताना बाहेरच्या भिंतीपासून सुरुवात करावी. त्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी सही करावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण साक्ष त्यांची आहे, आणि ती खरी ठरवणारी भिंत आम्ही, म्हणजे माझ्यासारख्यांनी, एकदा जेसीबी येऊ देऊन आणि एकदा लेख लिहून, दोनदा पाडली आहे. त्या दिवाळी अंकातला लेख संग्रहात घेण्याविषयी एका प्रकाशकांनी मध्यंतरी विचारले होते. अजून त्यांना कळवलेले नाही. तो घ्यायचा झाला तर देवळीसह घ्यावा लागेल, आणि वडील अजून माझे सगळे छापील वाचतात.