चिकूची वही

माझ्या कपाटात बँकेच्या काळातील काही कागदपत्रांबरोबर दोनशे पानांची एक साधी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर १४ फेब्रुवारी २०२३ ही तारीख असून पुढे ‘वजन ८६० ग्रॅम’ एवढीच नोंद आहे. छत्तीस वर्षे मी लोकांच्या ठेवींचे आणि कर्जांचे हिशेब पाहिले. पण या वहीइतकी नियमित नोंद मी दुसऱ्या कोणत्याही वहीत ठेवली नसेल. ही वही आमच्या चिकूची, म्हणजे एका गिनीपिगची आहे.

चिकू मुळात आमचा नव्हे. पुण्यात राहणाऱ्या मुलाने २०१८ साली नातवाच्या वाढदिवसाला तो आणला. रंग पिकलेल्या चिकूसारखा, म्हणून नातवानेच हे नाव ठेवले. पुढे २०२१ च्या जून महिन्यात मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीला निघाला आणि जाण्यापूर्वी चिकूचा पिंजरा सांगलीला आमच्या पडवीत ठेवून गेला. “बाबा, थोडे दिवस सांभाळा, काहीतरी व्यवस्था करतो,” असे तो म्हणाला. थोड्या दिवसांसाठी काढलेल्या कर्जाचे पुढे काय होते, हे मला चांगले ठाऊक होते. मी काही बोललो नाही. पण मनातून नाराजच होतो.

नाराजीचे आणखी एक कारण होते. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील पहिलाच बंध. एका पंचेंद्रिय जीवाला पिंजऱ्यात ठेवायचे आणि त्याला हौस म्हणायचे, हे मला पटत नव्हते. सौ.जवळ मी तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, “मग सोडा त्याला अंगणात. संध्याकाळपर्यंत मांजर नेईल.” तिचे म्हणणे खरे होते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाने हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी पाळीव केला. आता त्याला मोकळे सोडणे म्हणजे मरणाच्या दारात सोडणे. बंध घालण्याची चूक आधी कोणीतरी केलेली असते. ती निस्तरण्याची जबाबदारी मात्र जो जवळ असतो त्याच्यावर येते. आम्ही पिंजऱ्याचे दार दिवसभर उघडे ठेवू लागलो आणि पडवीला जाळी बसवून घेतली.

पहिले दीड वर्ष सर्व काही सौ.च करीत असे. सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडण्याचा आवाज झाला की पडवीतून लांबलचक शीळ ऐकू येई. आमच्याकडे कंदमुळे येत नाहीत. शेजारी कौतुकाने गाजर घेऊन येत, तेव्हा सौ.ला संकोच वाटे. गंमत म्हणजे, गाजरात साखर अधिक असल्याने ते गिनीपिगलाही फारसे द्यायचे नसते, हे आम्हाला नंतर कळले. त्याचे खरे अन्न म्हणजे गवत. त्याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत रवंथ केल्यासारखे सतत चावल्यानेच ते झिजतात.

मी मात्र मदत करण्याच्या उत्साहात एक मोठी चूक केली. आमच्या गवळ्याकडून रोज हिरवागार लसूणघास आणून त्याला घालू लागलो. गाईला जो चारा पौष्टिक तो याला का नसावा, असा माझा हिशेब. लसूणघासात कॅल्शियम फार असते. वाढत्या पिलाला ते चालते, पण प्रौढ गिनीपिगच्या मूत्राशयात त्याचा गाळ साठू शकतो, खडे होऊ शकतात. चिकूच्या लघवीत पांढरी भुकटी दिसू लागली, ती मी मातीच समजत होतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि चिकूचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लक्षात आले की, कोथिंबिरीकडे तो धावत येतो, एक काडी तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटीखालचे केस लाळेने ओले झाले होते. स्वयंपाकघरातील काट्यावर वजन केले तेव्हा ८६० ग्रॅम भरले. मुलाने ठेवलेल्या कागदावर आकडा होता १०६०. भांडवलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झाला होता आणि घरातील कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. अंगावरचे दाट केस सगळे झाकून ठेवतात. शिवाय हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे हाच त्याचा स्वभाव. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून न राहता दर आठवड्याला वजन करावे, हा धडा मी तेव्हा घेतला.

घरात नातवासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे औषध उरले होते. ते दोन थेंब द्यावे, असे माझ्या मनात आले होते. सुदैवाने त्याआधी मुलाच्या ओळखीने पुण्यातील एका पशुवैद्यांना फोन लावला. लहान प्राण्यांवर उपचार करण्याचा त्यांचा विशेष अभ्यास आहे. ते म्हणाले, “काका, पेनिसिलिनच्या जातीचे कोणतेही औषध याच्या पोटात जाऊ देऊ नका. आतड्यातले आवश्यक जंतू मरतात आणि मग प्राणीही जातो.” फोन ठेवल्यावर ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. अज्ञानातून होणारी हिंसा किती सहज असते!

दुसऱ्या दिवशी टोपलीत गवत पसरून आणि वर ओले फडके बांधून आम्ही पुण्याला निघालो. तपासणीत कळले की, मागच्या दाढा वाकड्या वाढून जिभेवर आल्या होत्या. त्याला भूक होती, पण चावता येत नव्हते. मूत्राशयात गाळही होता. डॉक्टरांनी भूल देऊन दाढा घासून सारख्या केल्या आणि स्पष्ट सांगितले की, हे कायमचे बरे होणारे नाही. दाढा पुन्हा वाढतील आणि पुन्हा यावे लागेल. तोवर गवताची भुकटी पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने, दिवसातून पाच वेळा भरवायची. याचे पोट काही तास जरी रिकामे राहिले तरी आतड्यांची हालचाल मंदावते आणि ते जिवावर बेतते.

त्या दिवसापासून वहीत रकाने आखले. डावीकडे जमा, म्हणजे किती मिलिलिटर पोटात गेले. उजवीकडे लेंड्यांची संख्या व आकार आणि लघवीचा रंग. खाली शिल्लक, म्हणजे वजन. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. निरोगी असताना त्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते आणि आजारात त्याहून अधिक. त्यासाठी ढोबळी मिरची आणि पेरूची फोड बारीक करून देऊ लागलो. लसूणघास बंद झाला. नदीकाठच्या शेतातून हराळी आणून, धुऊन, सावलीत सुकवून ठेवण्याचे काम सुरू झाले. आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. पण रात्री दहाचे भरवणे चुकवता येत नव्हते. आमचे नियम आम्ही स्वीकारलेले. त्या मुक्या जीवाने ते कधी स्वीकारले नव्हते. त्यामुळे आयुष्यात प्रथमच आमच्या स्वयंपाकघरात रात्री दिवा लागू लागला.

भरवणे मला जमत नसे. मी घाई करी, तो तोंड फिरवी, लापशी दोघांच्याही अंगावर सांडे. एकदा त्याला ठसका लागला आणि मी घाबरून गेलो. त्या रात्री मला फार वर्षांनी वडिलांची आठवण झाली.

१९९४ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी चिपळूणला होतो. बढती नुकतीच मिळाली होती. रजा मिळणे कठीण होते. गावी धाकटा भाऊ आणि भावजय होती. मी दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पैसे पाठवी. वडील चौदा महिने अंथरुणावर होते. त्या काळात मी चार वेळा घरी गेलो, प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस. ते गेल्यानंतरही मी मनाशी म्हणत आलो की, माझा वाटा मी चोख उचलला. दर वर्षी पांजरपोळाला देणगी देऊन पावती फाइलला लावतानाही मला असेच समाधान वाटत असे. दया केली, पावती मिळाली, खाते जुळले.

दुसऱ्या दिवशी भावजयीला फोन केला. थोडे इकडचे-तिकडचे बोलून विचारले, “बाबांना तू कशी भरवत होतीस?” एकोणतीस वर्षांनी हा प्रश्न आला, म्हणून ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मामंजी तोंड फिरवायचे, दादा. मग मी चमचा खाली ठेवायची आणि शेतातलं काहीबाही सांगत बसायची. ऐकता ऐकता तोंड उघडायचे. घाई केली की मिटलंच. भरवणाऱ्याची घाई खाणाऱ्याला कळते.” एका घासाला किती वेळ लागे, असे मी विचारले. “ते कोणी मोजलं?” ती म्हणाली. मी मात्र तेव्हा फक्त मनिऑर्डरी मोजत होतो. एवढे मला तिला सांगायचे होते, ते त्या दिवशी फोनवर सांगून टाकले. ती म्हणाली, “त्याचं काय आता!” पण तिचा आवाज थोडा बदलला होता.

त्यानंतर मी चिकूला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेई आणि आधी काही वेळ नुसता बसून राही. सिरिंज समोरून न देता ओठाच्या कडेने, पुढच्या दातांमागे हळूच सरकवायची; थेंब गिळल्याची खात्री झाली की पुढचा थेंब. दहा मिलिलिटरला वीस मिनिटे लागत. महिन्याभरात वजन ९४० वर आले. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पुणे, पुन्हा दाढा. अशा एकूण नऊ फेऱ्या झाल्या. तिशीच्या वरचे तापमान गिनीपिगला सोसत नाही आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. म्हणून त्याच्यासाठी शहाबादी फरशीचा तुकडा पाण्यात गार करून ठेवत असू. तो तिच्यावर पोट टेकून पसरे.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत तो सहा वर्षांचा झाला होता. गिनीपिगचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे. डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, मागचे पाय अडखळत होते आणि वजन ६४० वर उतरले होते. डॉक्टर म्हणाले, “आता पुन्हा भूल दिली तर तो उठेल याची खात्री नाही.” इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देण्याचा पर्यायही त्यांनी सांगितला. त्यांच्या बोलण्यात करुणाच होती. मुलानेही फोनवर तेच सुचवले.

आम्ही दोघे त्या रात्री बराच वेळ बोलत होतो. जीव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे आमच्या संस्कारात इतके खोल आहे की तिथे हात थांबतो. पण मनात दुसरा प्रश्नही उभा राहिला : माझी पापभीरुता जपण्यासाठी मी त्याला अधिक काळ दुःख तर भोगायला लावत नाही ना? कोणी असेही म्हणेल की, त्याने अन्न सोडले आहे, तर सोडू द्यावे. परंतु सल्लेखना हे विवेकाने, समजून-उमजून घेतलेले व्रत आहे. मुका जीव व्रत घेत नाही. त्याला दुखते म्हणून तो खात नाही. त्या दोन गोष्टी एक मानणे म्हणजे आपल्या सुटकेसाठी व्रताचे नाव वापरणे. शेवटी आम्ही ठरवले की, इंजेक्शन नको आणि पुण्याचा प्रवासही नको. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेने चालू ठेवायचे, ऊब द्यायची; सिरिंज ओठांशी न्यायची, घेतले तर घेतले, बळजबरी करायची नाही.

अकरा दिवस गेले. १९ नोव्हेंबरच्या पहाटे तो माझ्या मांडीवर, टॉवेलात, गेला. आदल्या रात्री त्याने तीन मिलिलिटर घेतले होते. वहीतील ती शेवटची नोंद. आमचा निर्णय बरोबर होता की नाही, याचा ताळेबंद मला अजून मांडता आलेला नाही आणि तो जुळवून दाखवण्याचा मोहही मी आवरला आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी नातवंडे असा एखादा प्राणी मागत असतील. माझे एवढेच सांगणे की, शक्यतो आणू नका. आणलाच, तर तो खेळणे नसून सहा-सात वर्षांची जबाबदारी आहे हे आधी मुलांना सांगा. त्याच्यावर उपचार करू शकेल असा डॉक्टर आधी शोधा, आठवड्याला वजन करा आणि घरातील औषध मनाने देऊ नका. गिनीपिग कळपात राहणारा आहे. त्याला एकटे ठेवू नका. आमच्या चिकूला आम्ही एकटेच ठेवले, याची खंत मला आहे.

उरलेली हराळी मी पांजरपोळात घेऊन गेलो. इतकी वर्षे तिथे माझा धनादेश जात होता. मी त्या दिवशी प्रथमच गेलो. एक म्हातारी गाय उठू शकत नव्हती. तिथला सेवक तिच्या तोंडाशी चारा धरून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि मूठभर हराळी पुढे केली. तिने लगेच तोंड उघडले नाही. मला काही घाई नव्हती.