चिपीचा सडा आणि वाळूची वहिवाट

शिरूर (घोडनदी), जि. पुणे

ती. दादांचे सेवेशी, दौंड मुक्कामी


परुळे-चिपीच्या विमानतळालगत वीस गुंठे घ्यावेत किंवा कसे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे विमाने किती येतील यावर अवलंबून आहे असे वरवर वाटते. परंतु तेथील भूगोल आणि जमिनीचे दप्तर यांचा एकत्र विचार केल्यास धावपट्टीपेक्षा सड्याखालच्या किनाऱ्याचा, आणि त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीचा विचार आधी करावा लागतो, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, अडीच हजार मीटर धावपट्टीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पहिली सेवा मुंबईची होती आणि ती ‘उडान’ योजनेखाली चालली. या योजनेत तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे सुरुवातीस अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून दिले गेले, आणि त्यामुळे कंपनीला पडणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून देण्याची तरतूद झाली, ज्या रकमेस व्यवहार्यता तूट निधी म्हणतात. तीन वर्षे सरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती सेवा थांबली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर गोव्याच्या फ्लाय ९१ या कंपनीने पुण्याहून शनिवार-रविवारची सेवा सुरू केली, आणि परुळ्याच्या जमिनीची चर्चा भीमेच्या काठापर्यंत येण्यास तेवढे निमित्त पुरेसे झाले असावे. या मार्गावरील विमान सत्तरेक आसनांचे असते. असे एक विमान रोज पूर्ण भरून उतरले, तरी वर्षाकाठी पंचवीस हजारांच्या आसपास माणसे येतील, आणि भरलेल्या एका रेल्वेगाडीत हजारावर माणसे असतात हे दौंडसारख्या जंक्शनात आयुष्य गेलेल्या माणसास सांगावयास नको. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून कुडाळला उतरणाऱ्या प्रवाशांपुढे चिपीची संख्या किरकोळच ठरते.

जमिनीचा भाव मात्र विमानाची वाट पाहत नाही. तो घोषणेच्या दिवशी हलतो, भूसंपादनाच्या अधिसूचनेने चढतो आणि सेवा बंद पडली तरी सहसा खाली येत नाही, कारण विकत घेणारा आजच्या प्रवाशाकडे न पाहता उद्याच्या खरेदीदाराकडे पाहून पैसे मोजत असतो. येथे घाटावरच्या शेतकऱ्याला एक विशेष स्थान आहे. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही; त्यामुळे मुंबईतील डॉक्टरला जी आंब्याची कलमे सहज घेता येत नाहीत, ती दौंडच्या ऊस बागायतदारास स्वतःच्या सातबाऱ्याच्या बळावर घेता येतात, आणि दलालाचा फोन दौंडला येतो तो याच कारणाने, आपुलकीने नव्हे.

आता विकणारा कोण, हे पाहावे. कोकणातील सातबाऱ्यावर एकेका सर्वे नंबराला अनेक सामायिक नावे असणे सर्रास आढळते. त्यांतील निम्मे खातेदार परळ, लालबाग किंवा विरारला असतात आणि गणपतीला येणारे चाकरमानी म्हणूनच गावाला ठाऊक असतात. भाव चढला की विक्रीची इच्छा प्रथम त्यांना होते, आणि त्यात गैर काही नाही, कारण त्यांचा हिस्सा खराच आहे. पण अविभक्त हिस्सा विकला गेला की घेणारा वाटपाचा दावा लावतो, आणि माडाच्या बागेतून किनाऱ्याकडे जाणारी जी वाट कोणीच कधी कागदावर लिहिली नव्हती, तिच्यावर तारेचे कुंपण येते. बांधावरची वाट अडली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येते हे शिरूर-दौंडकडील प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असते; मात्र ती तरतूद शेताच्या वाटेसाठी आहे, होडी ओढण्याच्या वाळूसाठी नाही.

ही वाळू कशासाठी लागते, हे रापण पाहिल्याशिवाय समजत नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब सामुदायिक जाळे: त्याच्या दोराचे एक टोक वाळूवर माणसांच्या हाती राहते, होडी उरलेले जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडीत जाते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते, मग दोन्ही बाजूंची माणसे कंबर मागे टाकून, टाचा वाळूत रोवून दोर खेचू लागतात आणि खेचता खेचता एकमेकांकडे सरकतात. तारली, बांगडा, पेडवे जे मिळेल त्याचे वाटे पडतात; ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. या व्यवहाराला मोकळ्या, सलग वाळूचा मोठा पट्टा लागतो. त्या पट्ट्यावर खुर्च्या, छत्र्या आणि जलक्रीडेच्या बोटी आल्या की रापण बंद करण्याचा हुकूम कोणी काढीत नाही. दोर ओढण्यास जागा उरत नाही, एवढेच होते. खोल पाण्यात पर्ससीन जाळ्यांनी मासळी आधीच उचलल्यामुळे रापणकार अगोदरच अडचणीत असतो, आणि त्याचा मुलगा तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेण्याच्या धंद्यात शिरला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार घाटावरच्या कोणाला नाही. फरक इतकाच की रापणीत विधवेचाही वाटा धरला जाऊ शकतो, होमस्टेत मात्र ज्याचे घर किनाऱ्याला लागून आहे त्याचाच वाटा असतो.

कायद्याने काहीच संरक्षण नाही असे नव्हे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नव्या बांधकामास सामान्यतः बंदी आहे. भरतीरेषा म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जेथवर चढते ती नकाशावर आखलेली ओळ. पण ही बंदी बांधकामावर आहे, मालकी बदलण्यावर नाही, आणि दोनशे मीटरांच्या मागे उभ्या राहणाऱ्या खोल्यांना पाणी लागते.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडच्या अनुभवाने समजून घेऊ गेल्यास हमखास चूक होते. दौंडच्या माळावर पाणी आटले की बोअर आणखी खोल नेतात. किनाऱ्यावर तो उपाय उलटतो. वाळूखालील गोडे पाणी जमिनीखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते थोडे हलके असते, आणि भूजलशास्त्राचा ढोबळ हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. म्हणजेच वरची पातळी उपशाने अर्धा मीटर घटली की खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर येऊ शकते. धो धो पावसाच्या या प्रदेशात जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे पर्यटकांचा हंगाम आणि विहिरींचा तळ हे दोन्ही एकाच वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, गाठले जातात. एका लॉजच्या पंपाने शेजारच्या माडाच्या बागेतील विहीर मचूळ होणे यात कोणाचा द्वेष नसतो, पण विहीर मचूळ झाल्याची नोंद मोबदल्याच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

चिपीपासून जेमतेम साठेक किलोमीटरवर, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. जवळच इतका मोठा विमानतळ असताना चिपीला प्रवासी कमी पडणे स्वाभाविक आहे, परंतु सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील जमिनीला मोपाही फार दूर नाही; म्हणून चिपीचे विमान रद्द झाले तरी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील दडपण कमी होईल असे मानता येत नाही. गोव्यात १९८० च्या दशकात दाबोळीला परदेशी चार्टर विमाने उतरू लागली, तेव्हा कळंगुटच्या पट्ट्यात काय झाले आणि त्याविरुद्ध स्थानिकांनी कशी निदर्शने केली, हा इतिहास फार जुना नाही.

आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात २०१६ पासून पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी आणि खानवडी या सात गावांवर विमानतळाचे सावट आहे, आणि २०२५ मध्ये ड्रोनद्वारे मोजणी सुरू झाली तेव्हा तेथे संघर्षही झाला. तेथील अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा निदान सातबाऱ्यावर आहेत, झाडे मोजता येतात, भाव भांडून वाढवता येतो. परुळ्याच्या खालच्या वाड्यांतून तर एक गुंठाही संपादित झालेला नसताना जे जाईल, त्यासाठी भांडावयाचे कोणापुढे हेही ठरलेले नाही. आणि घाटावरून येणारा प्रत्येक सज्जन खरेदीदार, कोणताही कायदा न मोडता, त्या जाण्यात भर घालीत असतो. पत्रलेखकाचे मत त्यामुळे खरेदीच्या विरुद्ध आहे.

तरीही आपला विचार पक्का असल्यास चार गोष्टी आधी व्हाव्यात: सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि फेरफार पाहावेत, भरतीरेषा दाखविणारा मंजूर नकाशा मागवावा, त्या वीस गुंठ्यांतून कोणाची वाट जाते हे दलालाला न विचारता वाडीतल्या वृद्ध बायांना विचारावे व ती वाट खरेदीखतात नोंदवूनच सही करावी, आणि विहिरीचे पाणी मे महिन्यात, भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी चाखून पाहावे. तोवर इसार देऊ नये.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला धाकटा बंधू