वाचनालयातील एक तार

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी अनेक वर्षे आहे. दुकान मुलांच्या स्वाधीन केल्यापासून सायंकाळचे दोन तास तेथेच जातात. तेथे माझ्या हातून घडलेली एक चूक आज सांगावीशी वाटते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. शिक्षणासाठी पुण्यास राहणारी, मामाकडे पाहुणी आलेली. तिची नोकरीची मुलाखत त्याच सायंकाळी इंटरनेटवरून व्हावयाची होती आणि मामाच्या घरी मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही तिला वाचनालयाचे वाय-फाय दिले. परंतु अभ्यासिकेतील सगळ्या मुलांचे मोबाइल त्यावरच चालू होते. शिवाय आमच्या जुन्या इमारतीच्या भिंती जाडजूड. पडद्यावरचे चित्र थिजू लागले, आवाज तुटू लागला. ती घाईने माझ्याकडे आली.

"काका, त्या संगणकाची तार थोडा वेळ माझ्या लॅपटॉपला जोडू का?"

कार्यालयातील तो संगणक त्या वेळी रिकामाच होता. तरी मी म्हणालो, "ती जोडणी कार्यालयाची आहे. बाहेरच्यांना देता येत नाही."

मुलाखत अर्ध्यावर तुटली. तिने लॅपटॉप मिटला, नोंदवहीत जाण्याची वेळ लिहिली आणि "येते, काका" म्हणून ती निघून गेली. परगावच्या गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारावे, हे वडिलांनी मला दुकानात शिकविले होते. येथे मात्र भरला माठ समोर असताना मी एका मुलीला तहानलेली परत पाठविले.

त्या रात्री मला कारंजा लाड येथील जैन ग्रंथभांडारांची आठवण झाली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील हस्तलिखितांचा अभ्यास केला आणि अपभ्रंश साहित्याचे मोठे दालन जगापुढे आणले. त्यांनी संपादिलेले 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंज्याहूनच प्रसिद्ध झाले. पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांचे पुण्य थोर खरे. पण बाहेरून आलेल्या अभ्यासकापुढे त्या उघडल्या गेल्या, म्हणून ते ज्ञान सर्वांचे झाले.

पुढच्या सभेत मी आपली चूक सांगितली आणि पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी वाचनकक्षात चार तारजोडण्या घ्याव्यात असे सुचविले. आक्षेप आले, आणि ते योग्यच होते. "वाय-फाय असताना तार कशाला?" वाय-फायची लहर सर्वांत वाटली जाते, भिंतीने क्षीण होते, तारेची वाट ज्याची त्याला मोकळी असते. "आपल्या संगणकाला धोका झाला तर?" तंत्रज्ञाने पाहुण्यांचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे करून दिले. "गैरवापर झाला तर?" ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव व वेळ लिहिण्याचे ठरले. "नव्या पातळ लॅपटॉपला तारेचे छिद्रच नसते." म्हणून यूएसबीला लावायचे दोन जोड टेबलाच्या खणात ठेवले. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत नीट चालते. आमचा वाचनकक्ष त्याच्या कितीतरी आत. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटर बंद पडतो, हे ध्यानात घेऊन राऊटर व स्विच इन्व्हर्टरवर घेतले. खर्चाचा भार आम्ही काही व्यापाऱ्यांनी वाटून घेतला.

लोणार सरोवराचा अभ्यास करण्यास आलेली एक विद्यार्थिनी त्या टेबलाशी प्रथम बसली. तिने आपले काम शांतपणे पुरे केले आणि तार गुंडाळून जागेवर ठेवली.

मामाकडे आलेली ती मुलगी पुन्हा आली नाही. तिला दुसरी संधी मिळाली असेल, अशी आशा मी करतो. पण वाचनालयात कोणी नवखा चेहरा लॅपटॉप घेऊन दाराशी घुटमळताना दिसला, की आता मी खुर्चीवरून उठतो आणि त्याला स्वतः त्या टेबलापर्यंत घेऊन जातो.