खुंट्या बदलायच्या का?

जुनी युकुलेली हातात आली की मी ती लगेच छेडत नाही, आधी तिचं वजन बघतो. शंभर वर्षांपूर्वीची चांगली सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या मापांतली सगळ्यात लहान, ३५० ग्रॅमच्या आतबाहेर भरते. लांबी २१ इंच, अंगभर लाकूड, आणि तरी हातात काही घेतलंय असं वाटत नाही. तबलीची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. नायलॉनच्या चार तारांत जोर तो किती असणार? तेवढ्या जोरावर सगळं खोकं हलायचं तर लाकूड असंच पातळ हवं. जड निघाली तर समजावं, मधल्या काळात कुणीतरी हात घातलाय. आतून ठिगळं डकवलीत, वरून जाड पॉलिश चढवलंय, नाहीतर डोक्यावर गिटारच्या चक्रीवाल्या खुंट्या बसवल्यात. वजनानंतर छोटा आरसा आत घालून पट्ट्या बघायच्या, मग घोडी, मग पडदे, आणि सगळ्यात शेवटी खुंट्या. त्या शेवटी, कारण भांडण तिथून सुरू होतं.

मी न्यू जर्सीत राहतो. इथून दीड तासाच्या आत, पेनसिल्व्हेनियात, नाझरेथ नावाचं गाव आहे आणि तिथे मार्टिन कंपनीचा कारखाना. मार्टिनचं नाव गिटारसाठी. त्यांनी १९०७ मध्ये पहिल्यांदा युकुलेल्या करून पाहिल्या त्या गिटारच्याच सवयीने: वर स्प्रूसची तबली, आत पट्ट्यांची गर्दी. आवाज दबला आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, हवाईच्या दालनातलं गाणंबजावणं ऐकायला लोटलेली माणसं चाली गुणगुणत घरी गेली आणि अमेरिकेला युकुलेलीचं वेड लागलं. मार्टिनने पुन्हा कंबर कसली. या खेपेला तबलीही महोगनीची केली आणि आतल्या पट्ट्या कमी केल्या. १९२६ या एका वर्षात त्यांनी १४,००० हून जास्त युकुलेल्या विकल्या. गिटार बनवण्यात मुरलेल्या कारागिरांनी गिटारचं शहाणपण बाजूला ठेवलं तेव्हा कुठे हे वाद्य त्यांना साधलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्या हजारोंमधल्या कितीतरी अजून इथल्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं सामान मांडून विकायला काढतात. चिनी मातीच्या बशा आणि कापूस निघालेल्या खुर्च्या यांच्यामध्ये एखादी काळी, मोडक्या कडीची पेटी असते. आत काय आहे हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. युकुलेलीवर मार्टिनने, अगदी सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर, अनुक्रमांक घातले नाहीत. त्यामुळे वय ठरवायचं ते अंगावरच्या खुणांवरून. खुंट्या लाकडी असतील तर तुकडा बहुधा विशीच्या दशकातला किंवा त्याआधीचा. पडदे म्हणजे नुसत्या सपाट धातूच्या पट्ट्या असतील तर तिशीच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा. पुढे इंग्रजी टी अक्षरासारख्या छेदाचे पडदे आले. कंपनीचं नाव डोक्याच्या मागे ठोकलेलं असेल तर जुना, पुढच्या बाजूला चिकटवलेलं असेल तर नंतरचा. अर्थात कारखान्यात उरलेला माल वापरून टाकायची पद्धत जगभर सारखीच, तेव्हा खुणा एकमेकींशी भांडतात. एखादीवर विसंबून वर्ष सांगणारा विक्रेता भेटला की मी पुढच्या टेबलाकडे सरकतो.

मार्टिनबद्दल इतकं बोलतोय म्हणून वाद्याचं माहेर विसरायला नको. २३ ऑगस्ट १८७९ ला रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला आलेली चारशेच्या वर माणसं त्यात होती. मान्युएल नुनिश, आउगुश्तु दियाश आणि जुझे दु इश्पीरितु सांतु हे तिघे सुतारकामातले. मळ्यांचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि मदेरातल्या दोन वाद्यांचा मेळ घातला: चण छोट्या ब्रागिन्याची, तारांची जुळणी पाच तारांच्या रजांवरून घेतलेली. लाकूड मात्र बेटावरचं, कोआ. राजा कालाकाउआने ते दरबारात आणलं, हुलाच्या साथीला बसवलं, आणि परक्यांचं वाद्य पाहता पाहता हवाईचं झालं. नुनिशने पुढे आपल्या लेबलवर स्वतःला या वाद्याचा जनक म्हणवून घेतलं. उरलेल्या दोघांना ते कसं वाटलं असेल, हा विचार ते लेबल पाहिलं की हटकून येतो.

कोआ म्हणजे अकेशियाच. कोकणात वनखात्याने टेकड्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहिली असेल तर कोआची पानं ओळखू येतील: विळ्यासारखी वाकडी, आणि खरं तर पानंच नव्हेत, पसरट झालेले देठ. पण लाकडाची गोष्ट वेगळी. तापकिरी, मध्येच सोनेरी पट्टे, आणि उजेडात फिरवलं की पट्टे जागा बदलतात. होनोलुलूच्या जुन्या तुकड्यांच्या कडांना दोरीसारखी पीळदार नक्षी असते. जोना कुमालाएच्या कारखान्याचं लेबल असेल तर त्यावर १९१५ च्या प्रदर्शनातल्या सुवर्णपदकाचा डंका असतो. म्हणजे तुकडा त्यानंतरचा. हवाईचे तुकडे मार्टिनसारखे काटेकोर नसतात. सांधे थोडे उघडे, पडदे नजरेने लावल्यासारखे, वरच्या सुरांत गेलं की थोडे चढे. तरीही पहिल्या चार पडद्यांत त्यांचा जो गोड, किंचित करकरीत आवाज येतो, तो मला नाझरेथच्या कुठल्याच महोगनीत ऐकू आलेला नाही.

हे सगळं जुनं सामान आजपर्यंत तगलं ते सरसामुळे. गरम करून लावायचा, जनावरांच्या कातड्याचा, आपल्याकडे सुतार वापरायचे तोच. सरस धरतो घट्ट, पण वाफ आणि पातळ सुरी लावली की सुटतो. मागची फळी काढून आतली पट्टी बसवता येते आणि फळी पुन्हा होती तिथे लावता येते. शंभर वर्षांनी कुणाला परत उघडावीशी वाटली तरी वाट मोकळी. जुनं वाद्य दुरुस्त करताना मी एवढी एकच गोष्ट पाळतो: केलेलं परत काढता आलं पाहिजे. वाद्यांचा खरा वैरी काळ नव्हे, इपॉक्सी. भेगेत एकदा ते ओतलं की लाकूड तुटेल, जोड सुटणार नाही. दुसरा वैरी पोलादी तारा. आवाज मोठा हवा म्हणून कुणी हौशी माणूस त्या चढवतो. ताण इतका की घोडी उखडते आणि जाताना तबलीचा कपचा सोबत घेऊन जाते. तिसरा इथला हिवाळा. घर तापवणारी भट्टी सुरू झाली की खोलीतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, लाकूड आडवं आक्रसतं आणि मध्यरात्री कधीतरी टक् आवाज येतो. म्हणून नोव्हेंबरपासून पेट्यांमध्ये ओला स्पंज आणि आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये काटा राहिला की झोप लागते.

आता वाजवण्याबद्दल. युकुलेलीच्या तारा वरून खाली उतरत नाहीत. चौथी तार, जी जाड आणि खर्जातली असायला हवी असं वाटतं, ती उलट वरच्या सुरात लावलेली असते. पाश्चात्त्य नावांनी जी-सी-ई-ए. सीला षड्ज मानलं तर प, सा, ग, ध. एक रे सोडला तर भूप उघड्या तारांतच लावलेला आहे, आणि रे सीच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर मिळतो. मला हे उमगलं तेव्हा कॉर्डच्या पुस्तकातून मी बाहेर पडलो. ग-प-ध ही संगती तीन वेगळ्या तारांवर येते. प वाजत असताना ग अजून विरलेला नसतो, ध आला तरी प रेंगाळत असतो. पाश्चात्त्य वादक या घंटेसारख्या पद्धतीला कँपानेला म्हणतात. अडचण एकच, आणि मोठी: सीखाली काही नाही. मंद्रातला ध, मंद्रातला प, ज्यांच्यावर भूप विसावतो, ते इथे मुळातच नाहीत. एफला षड्ज केला तर मंद्र पंचम मिळतो, पण मग उघड्या तारांची ती मैत्री मोडते. मी सीवरच राहतो आणि खाली जाण्याचा मोह आवरतो. मींड नाही, आस नाही. सूर उमटतो आणि संपतो. अभिजात रागदारीचं हे वाद्य नव्हे आणि तसं सिद्ध करण्याच्या फंदात पडू नये. पण दाराबाहेर बर्फ साचलेलं असताना सकाळी दहा मिनिटं भूपाचे सूर फिरवायला मला यापेक्षा बरं काही मिळालेलं नाही.

आणि त्यासाठी वाद्य सुरात राहायला हवं. म्हणजे खुंट्या.

जुनी लाकडी खुंटी भोकात नुसती घर्षणाने बसते. एक वेढा फिरवला की एकच वेढा. केसाइतकी हलली तरी सूर उडतो. गिटारच्या चक्रीत खुंटी दहा-पंधरा वेळा फिरवावी तेव्हा दांडा एकदा फिरतो, म्हणून नवशिक्यांना ती हवी असते. संग्राहकांचं म्हणणं, खुंट्या काढल्या तर वाद्याची किंमत निम्मी. नुसते वाजवणारे म्हणतात, जे सुरात राहत नाही ते कपाटात ठेवा. मला दोघेही अर्धेच बरोबर वाटतात. लाकडी खुंटी सरकते म्हणून वाईट नसते, ती नीट घासून बसवलेली नसते. मिरजेत तंबोऱ्याच्या खुंटीला खडू लावून ती बसवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मीही खडूच लावतो. अडकायला लागली तर थोडा कोरडा साबण. खुंटी फिरवतानाच आत दाबायची, हे एकदा हाताला लागलं की चक्रीची आठवण येत नाही. शिवाय गिटारच्या चक्र्यांचे कान एवढ्याशा वाद्याचं डोकं जड करतात, आणि उभं राहून वाजवताना डावा हात सूर सोडून दांडी सावरत बसतो. मुख्य म्हणजे त्यासाठी भोकं मोठी करावी लागतात. काढलेलं लाकूड परत येत नाही.

पण माझ्याकडे होनोलुलूची एक कोआ आहे, जिची भोकं माझ्याआधीच कुणीतरी ड्रिलने वाकडीतिकडी मोठी करून टाकली होती. मूळ खुंट्या गायब, जागी पितळी स्क्रू. तिथे राखायचं असं काही उरलंच नव्हतं. तिला मी हल्ली मिळतात तशा, दिसायला लाकडी खुंटीसारख्या पण पोटात चारास एक चक्री असलेल्या खुंट्या बसवल्या. फ्लुओरोकार्बनच्या तारा चढवल्या. मासेमारीच्या दोरीचंच हे साहित्य, नायलॉनपेक्षा घन, म्हणून बारीक तारेतही तोच सूर मिळतो आणि आवाज स्वच्छ येतो. माझा एक संग्राहक मित्र आला होता. त्याने तिची पीळदार नक्षी बघितली, लेबल बघितलं, मग खुंट्यांकडे बोट दाखवून मान हलवली. यादीत घालण्यासारखी नाही म्हणाला. त्यानंतर तासभर तीच वाजवत बसला आणि जाताना विचारून गेला की तारा कुठल्या आहेत.