‘हिरव्या नरका’च्या दारात एक रविवार

सकाळी सातला कोलोनहून निघालो, तेव्हा वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही बरोबर आहात म्हणून सोडतेय. यांना काही सांगायची वेळ आली तर स्पष्ट सांगा.’’ माझा बालमित्र तोवर गॅरेजमधून आपली निळी गाडी बाहेर काढत होता. २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर. दोनच माणसांची जागा, कापडी टप, २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि २२० अश्वशक्ती. इंजिन सीटच्या मागे. पुढचे बोनेट उघडले तर दिसते ती सामान ठेवायची जागा!

आम्ही दोघे साताऱ्याचे. तो गाडी शिकला ती वडिलांच्या जुन्या फियाटवर, खंबाटकीच्या घाटात. घाटाच्या पायथ्याशी काका गाडी थांबवायला लावत. त्यांचा नियम ठरलेला : चढण्याआधी पाणी बघ, उतरण्याआधी ब्रेक बघ. तोच मुलगा आज जर्मनीत इंजिनिअर आहे आणि बारा वर्षे पैसे साठवून त्याने ही हौस पुरी केली आहे. आमचा बेत होता तो ९०-९५ किलोमीटरवरच्या न्युर्बर्गरिंगला जाण्याचा. मोटारींच्या शौकिनांची ही पंढरीच म्हणायची. फरक इतकाच, की इथे वारी पायी नव्हे, आपापल्या गाडीतून होते.

कर भरा आणि धावा

आयफेलचा हा डोंगराळ मुलूख एके काळी जर्मनीतल्या गरीब भागांपैकी एक होता. बेकारांच्या हाताला काम मिळावे, म्हणून १९२५ साली इथल्या जंगलात शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला. पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर तेव्हा कोलोनचे महापौर होते. त्यांनी या योजनेला पाठबळ दिले. जून १९२७ मध्ये रस्ता खुला झाला. त्यातला उत्तरेकडचा फेरा, म्हणजे ‘नॉर्डश्लाइफं’, आज २०.८ किलोमीटर लांब आहे. सत्तरहून अधिक वळणे, सुमारे ३०० मीटरचा चढउतार आणि दोन्ही बाजूंना घनदाट झाडी. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हा इथला नेहमीचा अनुभव.

स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट यांनी १९६८ मध्ये धुके आणि पावसात इथली शर्यत जिंकली आणि याच रस्त्याला ‘हिरवा नरक’ म्हटले. ते नाव कायमचे चिकटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा यांची गाडी इथेच पेटली. ते गंभीर भाजले, पण सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरले. मात्र फॉर्म्युला वनची शर्यत त्यानंतर या जुन्या रस्त्यावर कधीच झाली नाही.

आणि गंमत अशी, की हाच रस्ता ठरावीक दिवशी तुमच्या-आमच्यासाठी खुला असतो! एका फेरीचे तिकीट साधारण ३०-३५ युरो. कायद्याने हा एकेरी वाहतुकीचा, कर भरून वापरायचा रस्ता. वाहतुकीचे नियम लागू, ओलांडायचे ते डावीकडूनच आणि घड्याळ लावून फेरीची वेळ मोजायला बंदी. कठड्यावर आदळलात, तर मोडलेल्या कठड्याचे, गाडी उचलून नेण्याचे, रस्ता बंद राहिल्याचे, सगळे बिल तुमच्याच नावावर. त्यातून कित्येक विमा कंपन्या या रस्त्यावरचा अपघात भरपाईतून वगळतात. भाड्याच्या गाड्या देणाऱ्यांचीही इथे येण्याला सहसा मनाई असते.

स्वस्त गाडी, महाग हौस

वाटेत आल्टेनआरला आम्ही कॉफीसाठी थांबलो. आर नदीचे हे खोरे लाल द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध. जुलै २०२१ च्या महापुरात इथे १३० हून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत न्युर्बर्गरिंगच्या मैदानावर मदतपथकांचा तळ पडला होता. पुराच्या खुणा आजही दिसतात.

कॉफी पिता पिता मित्राने गाडीच्या खरेदीची कथा सांगितली. ‘‘वीस-बावीस वर्षांची अशी गाडी नव्या साध्या गाडीपेक्षा कमी किमतीत मिळते. पण सुटे भाग आणि मजुरी मात्र नव्या महागड्या गाडीचीच. म्हणून किमतीतले काही पैसे बाजूला ठेवायचे. ते पहिल्याच वर्षी लागतात.’’ त्याने पाच गाड्या पाहिल्या आणि चार सोडल्या. एकीचे सर्व्हिस बुक नव्हते. एकीच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल झिरपत होते. तिसरीचे इंजिन मालकाने आधीच गरम करून ठेवले होते. गार इंजिन सुरू करतानाच त्याचे खरे आवाज कळतात, हे त्याला पक्के ठाऊक! चौथीचा रंग एका दारावर वेगळा निघाला.

या इंजिनात आतल्या एका शाफ्टचे बेअरिंग ही जाणकारांना ठाऊक असलेली नाजूक जागा. ते गेले तर इंजिनच गेले. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणे लोक त्याच वेळी क्लचही बदलून घेतात. मित्राने तेच केले. पुढच्या रेडिएटरसमोर साचलेला पालापाचोळा काढला. ब्रेक ऑइल बदलले. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी बदलायचेच. रविवारपुरत्या गाडीचे दुखणे वेगळे असते, तो म्हणाला. ती धावून झिजत नाही, उभी राहून झिजते. बॅटरी उतरते, रबर कडक होते. जर्मनीत वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरता नंबर घेता येतो. मित्राची गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर असते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा ती झाकून ठेवलेली.

चार आकडे

दहाच्या सुमारास फाटकापाशी पोहोचलो. वाहनतळावर जणू जत्राच भरली होती. नव्या कोऱ्या गाड्या, तीस वर्षांच्या गाड्या, मोटारसायकली. मित्राचा चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता. तिकीट काढायला निघणार, इतक्यात शेजारच्या जुन्या गाडीतून उतरलेले सत्तरीचे एक गृहस्थ आमच्या गाडीभोवती फिरले. कौतुक केले. मग मागच्या चाकाशी वाकून त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘टायर कधीचे?’’

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर होते ३२१४. म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. दहा वर्षांहून जुने! नक्षी नव्यासारखी खोल, म्हणून सरकारी तपासणीत गाडी पास झालेली. विकणाऱ्यानेही काही सांगितले नव्हते आणि इंजिनाची नाडी तपासण्यात मित्राचे चाकांकडे लक्षच गेले नव्हते. ‘‘जुने रबर सरळ रस्त्यावर काही बोलत नाही,’’ आजोबा म्हणाले, ‘‘वळणावर बोलते.’’

मित्र गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘एकच फेरी मारू. हळू. इतक्या लांब आलोय.’’ मला वहिनींचे शब्द आठवले. पण खरे सांगायचे तर मलाही ती फेरी हवी होती. मी एवढेच विचारले, ‘‘काका असते तर काय म्हणाले असते?’’ तो माझ्यावर चिडला. दोन मिनिटे पाठ फिरवून उभा राहिला आणि मग त्याने किल्ली खिशात टाकली.

दुपार आम्ही न्युर्बुर्गच्या टेकडीवर काढली. बाराव्या शतकातल्या त्या पडक्या किल्ल्याच्या बुरुजावरून सगळा मुलूख दिसतो : हिरवी डोंगररांग आणि खालून येणारा इंजिनांचा आवाज. नंतर ब्रुनशेनच्या वळणापाशी प्रेक्षकांमध्ये बसून दशम्या खाल्ल्या. अचानक आवाज थांबले. रस्ता बंद झाला होता. काही वेळाने टोइंगच्या ट्रकवर एक लाल गाडी गेली. तिचे पुढचे चाक वाकडे झाले होते. चालक शेजारी बसला होता, सुखरूप. मित्र घास हातात धरून त्या ट्रकाकडे पाहत राहिला.

परतताना टप उघडला. आर नदीच्या काठाकाठाने ८० च्या वर काटा जाऊ दिला नाही. संध्याकाळचे ऊन मळ्यांवर पडले होते. खरे तर गाडीची मजा मला त्या तासाभरात कळली.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. चारही टायर नवे घातले होते आणि एक फेरी पूर्ण केली होती. मी विचारले, ‘‘किती वेळ लागला?’’ ‘‘मोजायला बंदी आहे ना,’’ तो हसला. मग मागून वहिनींचा आवाज आला, ‘‘भाऊजी, शेजारच्या सीटवर मीच होते. ब्रेक बघूनच उतार उतरलो, सांगा तुमच्या काकांना!’’

काका आता नाहीत. पण निरोप पोहोचला असावा.