निर्दोष, तरीही अवाचित

पवनेच्या काठावरील थेरगाव हे मराठी साहित्याच्या नकाशावर सहसा दाखवले जात नाही. पदमजींच्या कागद गिरणीमुळे १९६०च्या दशकापासून या गावाचे नाव कागदाशी जोडले गेले, पण कागदावर उमटणाऱ्या शब्दांशी ते जोडले जावे असे कोणाला वाटले नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी-चिंचवडच्या परिसरात कारखान्यांची रांग लागली आणि मराठवाडा, सोलापूर, सातारा, खानदेश येथून माणसे खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. पाळीवर जाणाऱ्या या माणसांच्या आणि त्यांच्या घरातील स्त्रियांच्या वाचनाचा इतिहास लिहायचा झाल्यास समीक्षेच्या हाती काय लागेल? खंडकाव्ये लागणार नाहीत आणि नवकथाही लागणार नाही. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतील, पाने दुमडलेल्या, कव्हरला खाकी कागद लावलेल्या प्रेमकादंबऱ्या लागतील. त्या कादंबऱ्यांच्या लेखकांत चंद्रकांत काकोडकर हे नाव टाळता येणार नाही.

काकोडकरांच्या लेखनाविषयी मराठी समीक्षेने जेवढे लिहिले, त्याहून अधिक न्यायालयांनी लिहिले आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, श्यामा या तीन स्त्रिया, एवढाच तिचा ऐवज. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२खाली खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले आणि अखेर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा याच न्यायालयाने १९६४ साली कायम केली होती. हे ध्यानी घेतले तर त्या सुटकेचे मोल कळते.

निकालाचा आशय समीक्षकाने पुन्हा वाचावा असा आहे. कथेची वाङ्मयीन गुणवत्ता उच्च नसेल, ती अपरिपक्व असेल, तिच्यात अभिरुचीचा अभावही जाणवेल, पण एवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असा न्यायमूर्तींच्या विवेचनाचा मथितार्थ. समाजाच्या नैतिक कल्पना झपाट्याने बदलत असतात आणि केवळ पौगंडावस्थेतील वाचकाला काय चालेल एवढ्यावरून साहित्याची मर्यादा आखता येत नाही, हेही न्यायालयाने बजावले. म्हणजे एका रंजनप्रधान कथेच्या बाबतीत दोन निराळे प्रश्न न्यायालयाने निराळे ठेवले: ती चांगली आहे का, हा एक, आणि तिला असण्याचा हक्क आहे का, हा दुसरा. मराठी समीक्षेने मात्र बहुधा पहिल्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर देऊन दुसरा प्रश्न परस्पर निकालात काढला. मर्ढेकरांवर ‘काही कविता’संबंधी झालेला खटला आपल्या वाङ्मयेतिहासाचा भाग झाला. ‘श्यामा’चा खटला प्रामुख्याने कायद्याच्या ग्रंथांत राहिला.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मुळे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्यांत दाखवली. त्या मांडणीत काकोडकर ‘मुक्तामाला’च्या रंजनवादी वंशात बसतात, आणि तेथे बसवून झाले की समीक्षकाचे काम संपते. वस्तुतः काम तेथून सुरू व्हायला हवे. त्यांच्या ‘नीलांबरी’वर राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ काढला, तो १९६९ सालीच, म्हणजे निकालाच्याच वर्षी. ‘अशी तुझी प्रीत’वरून त्यांनीच १९७८ साली ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ केला. दोन्ही चित्रपटांच्या कथांकडे पाहिले तर प्रियकर-प्रेयसीपेक्षा घर हाच त्यांचा खरा विषय असल्याचे दिसते. पहिल्यात सावत्र भावांना सांभाळणारा थोरला भाऊ आहे आणि घरात आलेल्या नव्या सुनेमुळे पडणारी फूट आहे. दुसऱ्यात लग्नाची बायको नवऱ्याच्या प्रेयसीचा मुलगा वाढवते. प्रेम ही तेथे घराच्या भिंतींची परीक्षा आहे.

एकत्र कुटुंब गावी ठेवून दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडणाऱ्या माणसाला ही परीक्षा परकी नव्हती. पगारातून गावाकडे किती पाठवायचे, धाकट्या भावाला कामाला लावायचे की शिकवायचे, बायकोने आईचे किती ऐकायचे, हे प्रश्न थेरगावच्या चाळीत रोज सुटत आणि रोज नव्याने गुंतत. ते प्रश्न प्रतिष्ठित कादंबरीने ज्या भाषेत मांडले, ती भाषा या वाचकापर्यंत पोचली नाही. काकोडकरांची पोचली.

म्हणून त्यांचे समर्थन करायचे असे नव्हे. या कथानकांत घर सावरते ते बहुतेक वेळा एका स्त्रीच्या त्यागावर. तुळशीला अंगण मिळते, उंबरठ्याच्या आत जागा मिळत नाही. वाचकाच्या व्यथेला वाचा फोडून त्याच क्षणी तिला जुन्या व्यवस्थेच्या हवाली करणे, ही या प्रकाराची मर्यादा आहे. पण ही मर्यादा वाचल्याखेरीज सांगता येत नाही, आणि न वाचता ती गृहीत धरणे ही समीक्षेची मर्यादा आहे.

आज तो प्रश्न दुसऱ्या रूपात उभा आहे. भाड्याची वाचनालये बहुतेक मिटली. आता प्रेमकादंबरी लिहिणारे अनेक जण स्वखर्चाने छापतात: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे पैसे स्वतः भरायचे, गठ्ठे घरातल्या दिवाणाखाली ठेवायचे आणि लग्नात, हळदीकुंकवात, कंपनीच्या उपाहारगृहात प्रती द्यायच्या. असे पुस्तक समीक्षकाकडे अभिप्रायार्थ येते तेव्हा ते बहुधा न उघडताच ‘हौशी’ ठरते. विसंगती अशी की साठोत्तरी काळात लघुअनियतकालिकांच्या कवींनी स्वतःच्या पैशांनी अंक आणि पुस्तके काढली, तेव्हा त्यांतील स्वप्रकाशन हे प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेविरुद्धचे बंड मानले गेले. कृती तीच, मग एकीकडे बंड आणि दुसरीकडे हौस, हा भेद कोणी आणि कशाच्या आधारे केला? लेखनाच्या गुणवत्तेवरून केला असेल तर तो मान्य व्हावा. लेखकाच्या वाचकवर्गावरून केला असेल तर त्याला समीक्षा म्हणता येत नाही.

या दोन परंपरांची गाठ अखेर न्यायालयातच पडली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेसंबंधी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात अश्लीलतेच्या निकषांची चर्चा करताना काकोडकरांच्या खटल्याचाही परामर्श घेतला गेला. लघुअनियतकालिकांच्या पिढीतील कवीचा विचार करताना ‘रंभा’तील कथालेखकाचा निकाल पुन्हा उघडावा लागला. वाङ्मयीन चर्चेने हे दोघे क्वचितच एका पंक्तीला बसवले असतील. कायद्याने बसवले, कारण त्याला दोघांचेही शब्द वाचणे भाग होते.

थेरगावात खोलीच्या उंबऱ्याशी बसून जिने ‘नीलांबरी’ वाचली असेल, तिला त्या शब्दांचे काय झाले हे कोणी विचारले नाही. तिच्या वाचनाची नोंद कोणत्याही सूचीत नाही. ती करायची झाल्यास आधी तिने वाचलेले पुस्तक हातात घ्यावे लागेल.