जबलपूरचा बियाणेवाला

जबलपूरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा भेडाघाटाला जातो. संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरून येतो, धुवांधाराचे तुषार अंगावर घेतो, ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडतो आणि परततो. हे सारे पाहण्याजोगे आहेच. परंतु वाचकहो, आपले जाणे ऑक्टोबरात घडले, तर एक सकाळ पाटण किंवा सिहोऱ्याच्या वाटेवरील एखाद्या लहानशा खत-बियाण्यांच्या दुकानासाठी राखून ठेवा.

हा मुलूख आपल्याला अगदीच परका नव्हे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी वर्षानुवर्षे बसलेले ‘जेएस ३३५’ हे सोयाबीनचे वाण येथलेच; १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने ते दिले. त्यातील ‘जे’ जवाहरचा.

दुकानात शिरण्यापूर्वी बाहेरची काळी जमीन पाहून घ्यावी. या भागात ‘हवेली’ नावाची एक जुनी शेतपद्धत होती. (पुण्याजवळच्या हवेली तालुक्याशी तिचा संबंध जोडू नये.) पावसाळ्यात शेताभोवती बांध घालून पाणी अडवायचे, शेताचे तळे होऊ द्यायचे, आणि पावसाळा सरताच पाणी सोडून देऊन वाफशावर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. खरिपाचे पीक बुडे. पण ओल खोल मुरे, आणि तण पाण्याखाली आपोआप कुजून जाई. पुढे सोयाबीन आले, भात वाढला, नर्मदेवरील बर्गी धरणाचे कालवे आले, आणि हवेलीची तळी बरीच आटली. वर्षातून एकाऐवजी दोन पिके निघू लागली, हा लाभ लहान नाही. मात्र तण मारण्याचे जे काम पूर्वी पाणी फुकट करीत असे, त्यासाठी आता बाटली विकत घ्यावी लागते.

ती बाटली ज्याच्याकडे मिळते, त्याच्या दुकानात आता शिरू या. माणसे मोजकीच: मालक, त्याचा मुलगा किंवा भाऊ, आणि हंगामापुरता एखादा हमाल. हमाल आला नाही, तर मालकच पोती उतरवून घेतो. हिशेबाची वही बहुधा घरी जाते आणि रात्री गृहिणीच्या हातून पुरी होते. तिचे नाव मात्र पाटीवर नसते. साठा आणि दर यांचा फळा रोज लिहावा लागतो, कारण कायद्याची तशी आज्ञा आहे. अनुदानित खताचे पोते देताना यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या कास्तकारापुढे हे यंत्र अनेकदा हट्टाला पेटते, आणि मागची रांग मालकावर चिडते.

ऑक्टोबरात या रांगेला दम नसतो. मटार हे जबलपूर जिल्ह्याचे नावाजलेले पीक आहे. लवकर येणाऱ्या वाणाच्या शेंगा दोन-सव्वादोन महिन्यांत तोडणीला येतात, आणि पहिल्या शेंगांना जो भाव मिळतो तो मागून येणाऱ्यांना मिळत नाही. हेक्टरी शंभर किलोंच्या आसपास बी लागते, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा पेरणीच्याच दिवशी मातीत जातो. म्हणून पिशवीची चिठ्ठी पाहावी: प्रमाणित बियाण्याची निळी, सत्यप्रत बियाण्याची हिरवी. जाणता दुकानदार याहून एक पाऊल पुढे जातो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि आठवड्याने कोंब मोजतो. हे काम त्याला कोणी सांगितलेले नसते, त्याचा मोबदलाही नसतो.

खरी कसोटी पुढे, गहू महिन्याचा झाल्यावर लागते. शेतकरी येतो आणि म्हणतो, “भैया, चौड्या पत्तीचे औषध द्या.” बथुआसारखे रुंद पानांचे तण मारायला २,४-डी हे स्वस्त द्रव्य आहे, गव्हाला ते मानवते. परंतु वाटाणा आणि हरभरा हीसुद्धा रुंद पानांचीच पिके. वाऱ्याने फवारा शेजारच्या मटारावर गेला, किंवा त्याच पंपाने, नीट न धुता, दुसऱ्या दिवशी हरभऱ्यावर कीटकनाशक मारले, तर पाने पिळवटतात आणि पीक हातचे जाते. तेव्हा बाटली देण्याआधी विचारायचे असते: शेजारी काय पेरले आहे? पंप कोणता? तो मागे कशासाठी वापरला? रांगेत वीस माणसे उभी असताना हे तीन प्रश्न विचारणे, आणि उत्तर पटले नाही तर हातची विक्री सोडणे, यातच या धंद्याची सारी परीक्षा आहे.

येथे अनुवादकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. तणाला हिंदीत ‘खरपतवार’ म्हणतात, ते ठीक. पण त्याला मारणाऱ्या विषाला हिंदीत ‘दवा’ आणि मराठीत ‘औषध’ म्हणतात. शब्दाने विषाचे औषध झाले की विक्रेत्याचा आपोआप वैद्य होतो. रोगी पाहणारा, औषध ठरवणारा आणि तेच विकून नफा घेणारा एकच! माणसाच्या आजारात अशी व्यवस्था आपण निमूटपणे चालू दिली नसती. वास्तविक याच शहरात कृषी विश्वविद्यालय आहे, १९८९ पासून तणांवरच संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. पण रोगट पान रुमालात बांधून शेतकरी जातो तो दुकानात, कारण दुकान वाटेवर असते आणि तेथे उधारी मिळते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ पासून दुकानदारांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, तो ही वस्तुस्थिती मान्य करूनच. दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. त्याला शिकवावे लागेल, आणि त्याच्या सल्ल्याची पडताळणी करणारा दुसरा कोणी गावापर्यंत पाठवावाही लागेल.

डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगांच्या गोण्या मंडीत येऊ लागतात. मग हाच मनुष्य उधारीची वही काखेत मारून गावोगाव हिंडतो. भाव चांगला असेल तर चहा मिळतो आणि पैसेही. सगळ्यांचा मटार एकाच आठवड्यात उतरला, तर भाव कोसळतो, आणि चहाच तेवढा मिळतो. कंपनीची थकबाकी मात्र त्याला तारखेला भरावी लागते. पुन्हा वहीत रेघ मारून तो परततो. उन्हाळी मुगाचे बी मागवायची वेळ तोवर झालेली असते.